अर्धा हात माती

देऊळघाटच्या शिवारात विहीर खोदायची झाली की मुहूर्त विचारायला लोक भटजीकडे जात आणि खोली विचारायला निवृत्तीकडे. वऱ्हाडाचा कारभार नागपुराहून चालायचा, त्या काळची ही गोष्ट. निवृत्तीची तीन एकर कोरडवाहू होती. कपाशी घरात आली की तो कुदळ, सब्बल आणि टोपलं घेऊन बाहेर पडे. आधी शेतभर फिरे. जुनं वारूळ दिसलं की तिथे थांबे, मूठभर माती दाबून पाही, हुंगे आणि सांगे, "चार परस." परस म्हणजे हात वर करून उभ्या माणसाची उंची.

चार परस ठरले की चारच. साडेतीनला पाणी लागलं की मालक वरून ओरडे, "पाणी लागलं ना बे, ये आता वरते!"

खालून उत्तर येई, "अर्धा परस राह्यला."

वैशाखात शेजारच्या विहिरी आटत तेव्हा त्याच अर्ध्या परसात पाणी उरे. एक्केचाळीस विहिरी त्याने खोदल्या. एकही बोटभर उणी नव्हती.

लग्नानंतर अकरा वर्षांनी त्याला आणि गोजरबाईला मुलगी झाली. कौशल्या नाव ठेवलं. चार महिन्यांची झाली आणि कार्तिकातल्या तापाने तीन दिवसांत गेली.

दात न आलेलं लेकरू जाळायचं नाही, जमिनीत ठेवायचं, ही गावाची रीत. नाल्याच्या काठावर अशा लेकरांची वेगळी जागा होती. तीन हात खड्डा, आत मीठ, वर माती, मातीवर दगड, दगडांवर बाभळीचे काटे. कोल्ह्याने उकरू नये म्हणून काटे. बापाने खड्डा खणू नये म्हणतात. पण निवृत्ती उभा असताना कुदळ दुसऱ्याच्या हाती कोण देणार? तोच खणायला लागला. अडीच हातांवर मुरूम लागला. मुरूम त्याला नवा नव्हता. पण त्या दिवशी कुदळ वर गेली ती खाली येईना.

"बस झालं, निवृत्ती," काठावरून उकंडराव पाटील म्हणाले. "लेकरू केवढं, खड्डा केवढा."

निवृत्ती थांबला. काटे आणायची वेळ आली तेव्हा ओली बाभूळ तोडायला नाल्यापलीकडे जावं लागलं असतं. गोठ्यामागे कुंपणाच्या जुन्या फांद्या पडल्या होत्या. बुडाला उधई, म्हणजे वाळवी, लागलेली. त्याने त्या दोनदा आपटल्या आणि ओढून आणून दगडांवर टाकल्या.

त्या दिवशी तो दोनदा कमी पडला. हे त्याच्याशिवाय कोणाला माहीत नव्हतं.

बाराव्या दिवशी सकाळी गोजरबाई कापूस वेचायला निघाली. नाल्याकाठच्या वाटेने जाताना तिने पाहिलं, फांद्या बाजूला सरकल्या होत्या, दोन दगड घरंगळले होते आणि माती उकरलेली होती. ती तशीच खाली बसली.

निवृत्ती धावत पोचला तोवर आठ-दहा माणसं तिथे तुडवून गेली होती. किती खोल उकरलंय ते बघायला कोणी काठीही खुपसली होती. उकरलेलं किती आणि पायांनी उडालेलं किती, काही कळेना. एका कडेला, फांद्यांची बुडं टेकली होती तिथे, तीन नखांचे ओरखडे मात्र शाबूत होते. सरळ, खोल, एकाच जोराचे. कोल्ह्याचे नव्हते. कोल्हा भराभर उकरतो, माती कुठेही उडते. हे कोणीतरी कामाला लागून खणलं होतं.

"खवल्या हाय थो," शेजारची मनकर्णाबाई म्हणाली. "खवल्या मांजर. माझ्या माहेरी, साखरखेर्ड्याले, सारे सांगत. मुडदे उकरते अन् खाते. काही ठेवत नाही."

"पाह्यलं का कोणी खाताना?" निवृत्तीने विचारलं.

"पाह्यले कोण जाते बाप्पा!"

गुराख्याने दोनदा दिवस बुडताना ते जनावर पाहिलं होतं. नाल्याच्या दरडीत त्याचं बीळ होतं, खड्ड्यापासून अठरा पावलांवर. दरडीच्या माथ्यावर, उजव्या अंगाला, छातीएवढं वारूळ.

निवृत्ती उकरलेल्या जागेकडे वाकला तशी गोजरबाई उठून मध्ये आली.

"तिथं आता कोणाची कुदळ लागू देणार नाही मी. तुमची बी नाही."

"मंग समजन कसं?"

"त्याले धरा. मले त्याचं पोट फाडून पाह्याचं हाय."

घरी येऊन तिने चूल पेटवली नाही. बारा दिवस झाले तरी तिची चोळी छातीवर ओली होत होती. ती पदर ओढून भिंतीकडे तोंड करून बसली. निवृत्तीने भाकरीचं नाव काढलं. ती म्हणाली, "पोर मातीत हाय का नाही, हे समजल्याबिगर घास उतरणार नाही."

दुपारी उकंडराव दोन गडी घेऊन दरडीपाशी आले. एकाजवळ मिरच्यांची पिशवी, दुसऱ्याजवळ कुऱ्हाड.

"धुरी देतो," पाटील म्हणाले. "आपोआप बाहेर येते. जनावर मारा, पोट फाडा, तिचं समाधान होते. खवले मी ठेवतो."

"खवले कायले, पाटील?"

कुऱ्हाडवाला गडी हसला. "आंगठ्या करतेत त्याच्या. मूळव्याधीवर. पाटलाले आठ दिवस झाले, खाटीवर बसता येत नाही. जेवण बी उभ्यानंच चालू हाय."

"चूप बस बे!"

निवृत्ती हसला नाही. तो बिळाच्या तोंडाशी आडवा उभा राहिला. "धुरीनं थो आतच मेला तर? मंग काढाले वरून फोडाल. सारी माती खाली बसते. बीळ कुठून कुठं गेलं थे कोणालेच दिसणार नाही. मले दोन दिवस द्या. मी खोदत जातो त्याच्या मागं. बीळ लेकराकडं गेलं आसंल तर तुमची कुऱ्हाड अन् त्याचा जीव. मी आडवा येणार नाही."

"अन् गेलं नसंल तर?"

"तर त्याले हात लावाचा नाही."

पाटलांनी दोन्ही गड्यांकडे पाहिलं. भोवती जमलेली माणसं ऐकत होती. "ठीक हाय. परवा दिवस डोक्यावर येईलोक. माहा शब्द."

निवृत्तीने लगेच काम धरलं. बिळाचं तोंड वीतभर रुंद, अर्धवर्तुळासारखं. हात आत घातला तर दीड हातावर सैल मातीचा बुच. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं, बीळ ओसाड आहे. पण माती ओली आणि ताजी होती. आत शिरून मागचं दार लावून घेतलं होतं जनावराने. निवृत्तीला हे काम ओळखीचं वाटलं. तोही विहिरीत उतरला की वरची सैल माती आधी अडवायचा.

वरून फोडायचं नाही, हे त्याने ठरवलं होतं. बिळाच्या कडेने, एका हाताचं अंतर ठेवून, तो चर मारत निघाला. दर वीतभराला बाजूने एक भोक पाडायचं, निर्गुडीची ओली काठी आत सरकवायची, वळण बघायचं, मग पुढे. घाई केली तर बीळ बसलं असतं आणि साक्षच गेली असती. माती तो स्वतःच टोपल्यात भरी आणि स्वतःच वर टाकी. मदतीला दोघे आले, त्यांना परत पाठवलं.

दिवस मावळेपर्यंत चार हात झाले. चारही हात बीळ सरळ लेकरांच्या जागेकडे चाललं होतं.

घरी आल्यावर गोजरबाईने विचारलं, "कुठं चाललं थे?"

"अजून समजलं नाही," तो म्हणाला. एवढंच. ती समजायचं ते समजली. पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे सरकवला आणि पुन्हा भिंतीकडे वळली.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताच तो चरात होता. हाताला फोड आले होते. एक्केचाळीस विहिरींनी जे केलं नाही ते या चराने केलं होतं, कारण वाकून, एका अंगावर काम होतं. सातव्या हाताला त्याला आवाज आला. खरड, खरड, थांब. खरड, खरड, थांब. तो थांबला की तिकडचा आवाज थांबे. जनावर पुढे खोदत होतं. तो मागून, ते पुढून. बिळात त्याला एक गळलेला खवला सापडला, अंगठ्याएवढा, पिवळट, कडेला झिजलेला. तो त्याने फेट्यात खोचला.

आठव्या हाताला काळा दगड आडवा आला आणि बीळ दगडाला धरून वळलं. उजवीकडे. वारुळाखाली. लेकरांच्या जागेकडे पाठ करून.

दुसरा कोणी असता तर कुदळ टाकून घराकडे पळाला असता. निवृत्ती पळाला नाही. डावीकडे एखादा फाटा मारून मागे बुजवलेला असेल तर? त्याने सबलीचं बूड धरलं आणि बाजूच्या भोकांतून बिळाची डावी भिंत सुरुवातीपासून ठोकत आला. वीत सोडून वीत. खणून भरलेली माती थप्प बोलते आणि न खणलेला मुरूम खण्ण बोलतो. आठ हातांची भिंत त्याने दोनदा ठोकली. सगळीकडे खण्ण. मग तो उजवीकडे वळला.

दुपारच्या सुमारास गोजरबाई चराच्या काठावर आली. हातात भाकरी, त्याच्यापुरती. नेमकं तेव्हाच त्याच्या कुदळीचं टोक पोकळीत गेलं.

आत परडीएवढी खोली होती. खोलीत एक चेंडू. घरावरच्या कौलांसारख्या एकावर एक बसलेल्या राखाडी-तपकिरी खवल्यांचा. डोकं नाही, पाय नाही. निवृत्तीने हात लावला तर चेंडू आणखी आवळला आणि आतून फुसकारला. तेवढ्यात मधल्या फटीतून एक छोटं शेपूट बाहेर पडलं. करंगळीएवढं, फिकट, त्यावरचे खवले अजून कोवळे. चेंडूने ते शेपूट हळूच आत ओढून घेतलं.

"बाई हाय," निवृत्ती म्हणाला. "पिल्लू हाय पोटाशी."

गोजरबाई चरात उतरली. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "आसू दे. माहं बी होतं."

निवृत्तीने वाद घातला नाही. बिळाच्या तोंडाजवळ त्याला आदल्या दिवशीच त्या जनावराची विष्ठा सापडली होती, मातीत पुरलेली. काही ओली, काही सुकलेली. दहा-पंधरा दिवसांची सगळी. ती त्याने पळसाच्या पानात बांधून ठेवली होती. ते पान त्याने तिच्यापुढे ठेवलं.

"पोट फाडून काय दिसते? आज खाल्लेलं. यात पंधरा दिवसाचं सारं हाय. तुले ज्वारी रोळता येते. हे रोळून पाह्य. मी केलं तर तू म्हणशील, यायनं लपवलं."

ती घरून परात घेऊन आली. नाल्याच्या डबक्यात बसली. विष्ठा पाण्यात कुस्करली आणि रोळू लागली. परात हलवायची, पाणी वरून सोडायचं, जड ते खाली राहू द्यायचं. ज्वारीतला खडा तिच्या नजरेतून कधी सुटला नव्हता. तळाशी माती राहिली, मोहरीएवढे खडे राहिले, आणि वर तरंगली मुंग्यांची आणि उधईची डोकी. हजारो. तिने तीनदा पाणी बदललं. बोटाने एकेक खडा दाबून पाहिला. हाडाचा कण नव्हता, केस नव्हता, कापडाचा धागा नव्हता. लेकराला तिने जुन्या लुगड्याच्या हिरव्या तुकड्यात गुंडाळलं होतं.

"खडे कायले खाते?" तिने विचारलं. आवाज पहिल्यांदा खाली आला होता.

"कोंबडी कायले खाते? दात नसतीन. पोटात दळत आसंल."

"पाहू द्या मले तोंड."

तोंड कोण उघडणार? जोर लावला की चेंडू घट्ट होई. निवृत्ती लेकरांच्या जागेवरची एक उधई लागलेली फांदी घेऊन आला, मोडून खोलीच्या तोंडाशी ठेवली आणि दोघे मागे सरून गप्प बसले. सावली चरात उतरू लागली तेव्हा चेंडू सैल झाला. आधी नाक आलं, लांब, निमुळतं, ओलं. बारीक डोळे, जेमतेम बघणारे. नाकानेच सगळा शोध. मग पुढचे पाय. नखं एवढी मोठी की ती आत दुमडून मनगटाच्या पाठीवर चालत होती. दुमडलेली नखं उघडली, लाकूड एका झटक्यात फाडलं आणि तोंडातून जीभ निघाली. सुतळीसारखी बारीक, चिकट, वीतभर आणि वर चार बोटं. आत-बाहेर, आत-बाहेर. उधई जिभेला चिकटून जात होती. तोंड उघडलंच तर पावलीएवढं. त्यात एकही दात नव्हता.

पिल्लू आईच्या शेपटीच्या बुडाशी चढून, पोट टेकवून बसलं होतं.

निवृत्तीची नजर त्या फांदीवर खिळली. गोठ्यामागची फांदी. त्यानेच आणलेली. राखणीला ठेवलेल्या काट्यांनीच जनावराला हाक मारली होती. ओरखडे होते ते फांद्यांच्या बुडाशी. ते जनावर लेकरासाठी आलंच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी गोजरबाई त्याच्या आधी चरापाशी जाऊन बसली, परात मांडीवर घेऊन. दिवस डोक्यावर यायच्या आत उकंडराव आले. मागे निम्मं गाव, मनकर्णाबाई पुढे.

पाटलांनी चर पाहिला. बीळ दगडापाशी उजवीकडे वळलेलं पाहिलं. निवृत्तीने सब्बल त्यांच्या हाती दिली. त्यांनी स्वतः भिंत ठोकून ऐकली. मग गोजरबाईने परात पुढे केली.

"हे काय?"

"त्याचं पंधरा दिवसाचं जेवण. मुंग्या अन् उधई. दात नाही त्याले, पाटील. मी पाह्यलं."

"मुडदे खाते म्हणत लोक..." मनकर्णाबाई पुटपुटली.

"लोक म्हणत," गोजरबाई म्हणाली. "मी रोळून पाह्यलं."

कुऱ्हाडवाला गडी अजून खोलीतल्या चेंडूच्या खवल्यांकडे बघत होता. "पाटील, एखादं-दुसरं तरी..."

निवृत्तीने फेट्यातून तो गळलेला खवला काढला. चकमक झाडून कापूस पेटवला आणि खवल्याची कड जाळली. वास पसरला. सगळ्यांनी नाकं मुरडली.

"कशाचा वास हाय?" त्याने विचारलं.

"नख जळाल्यावानी," कोणी म्हणालं.

"नखच हाय थे. मोठं नख."

गोजरबाई पाटलांकडे वळली. "आंगठी पायजे आसंल तर आपलीच नखं कापून करा, पाटील. गुण येकच."

आधी पोरं हसली, मग बाया, शेवटी पाटीलही हसले आणि हसताना त्यांचा हात मागे गेला तेव्हा हसू आणखी वाढलं. पण शब्द त्यांनी पाळला. जाताना गड्याला म्हणाले, "कुऱ्हाड घरी ठेव. अन् कोणी इकडं धुरी घेऊन आलं तर माहं नाव सांगा."

गाव पांगलं. दोघंच उरली. निवृत्तीने फोडलेल्या खोलीवर एक सपाट दगड बसवला, बाजूने ओली माती दाबली, जनावराला बाहेर जायला वाट ठेवली. हात धुतले. तरी तो उठेना.

"आता काय?" गोजरबाईने विचारलं.

"खड्डा अडीच हात हाय," तो म्हणाला. "तीन नाही. मी थांबलो. पाटील म्हणले म्हणून नाही. माहाच हात थांबला. अन् काटे बी जुने आणले, ओले तोडाले गेलो नाही."

त्याच्या विहिरींचा हिशोब तिला पाठ होता.

"येवढे दिवस सांगतलं काऊन नाही?"

"तू इचारलं नाही. अन् मले सांगता आलं नाही."

नाल्यात पाणी वाजत होतं. गोजरबाईने परात पालथी केली, उरलेली माती झटकली.

"खाली आता हात लावाचा नाही," ती म्हणाली.

"नाही."

"मंग वरून भरा. अर्धा हात."

त्याने कोपरापासून मधल्या बोटापर्यंत हात मोजला, त्याच्या निम्म्यावर काठीला खूण केली आणि ती काठी उकरलेल्या जागेच्या कडेला उभी रोवली. चरातला मुरूम तो टोपल्यात भरून देऊ लागला, ती डोक्यावर घेऊन नेऊ लागली. टाकायची तीच, पसरायची तीच. चार बोटं थर झाला की तो धुमसाने ठोकून बसवी, पाणी शिंपडी, मग पुढचा थर. दाबलेली माती खुणेपर्यंत यायला चौसष्ट टोपली लागली. खुणेच्या वर आणखी चार बोटं घालायला तो वळला तर ती म्हणाली, "अर्धा हात म्हणजे अर्धा हात." तो थांबला. जुन्या फांद्या त्याने वारुळापाशी नेऊन टाकल्या. नाल्यापलीकडे जाऊन ओली बाभूळ तोडली, काटे हातात रुतले ते तसेच राहू दिले, दगड पुन्हा वर बसवले आणि ताजे काटे त्यांच्यावर रचले.

मग गोजरबाई काठावर बसली. आदल्या दिवशीची भाकरी फडक्यात तशीच होती, वाळून कडक झालेली. तिने ती मोडली, निम्मी त्याला दिली. दोघांनी पाण्याबरोबर खाल्ली.

त्यानंतर निवृत्तीने आणखी सतरा विहिरी खोदल्या. देऊळघाटात कोणाचं लेकरू गेलं की बाप त्याच्याकडे येई. निवृत्ती कुदळ आणि खुणेची काठी घेऊन निघे. तीन हात झाल्याशिवाय तो कोणाचंही ऐकत नसे आणि काठावरून कोणी "बस झालं" म्हणालं तर वर बघतही नसे. काटे ओलेच. खणाईचं त्याने कधी काही घेतलं नाही.

दरडीतलं बीळ दुसऱ्या पावसाळ्यात रिकामं झालं. वारुळाच्या पायथ्याशी मात्र मधूनमधून तीन नखांचे ओरखडे दिसत, सरळ आणि एकाच जोराचे. वाटेने जाताना निवृत्ती वाकून बघे, वीत लावून खोली मोजे आणि कामाला जाई.